जुनी फळी

मे महिन्यात आई आमच्याकडे बर्मिंगहॅमला आली होती, तेव्हा मी तिला एक खोटं सांगितलं. फार मोठं नाही, एका लाकडी पुलावरच्या एका फळीबद्दल. पण ते माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. दिसत नव्हतं, आणि कपडा कसाही झटकला तरी टोचायचं राहत नव्हतं.

आम्ही दोघी वेल्सच्या किनाऱ्यावरच्या बारमथ गावाच्या पुलावर उभ्या होतो. वारा असा की बोललेलं निम्मं वाक्य तो उचलून न्यायचा. आईच्या अंगावर माझ्या नवऱ्याचा रेनकोट, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी, पायात तिला अजूनही परके वाटणारे स्पोर्ट्स शूज. पुलाच्या एका बाजूने रेल्वेचा रूळ जातो आणि त्याला खेटून पायी चालणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांची वाट आहे. फळ्यांमध्ये बोटभर फटी, आणि फटींतून खाली ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावताना दिसतं. मी गाइडच्या थाटात सांगत होते, हा पूल १८६७ चा, आठशे मीटरहून लांब, आणि जवळजवळ सगळा लाकडाचा. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं आणि विचारलं, "ह्यातलं जुनं कुठलं?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण आपण आईला एवढ्या लांब आणलेलं असतं, गाडीत चार तास बसवलेलं असतं, आणि तिने काहीतरी पाहिल्यासारखं तिला वाटावं अशी घाई झालेली असते. कठड्याजवळ एक फळी काळीकुट्ट पडलेली, चिरा गेलेली, कडेला शेवाळ्याची हिरवी रेघ असलेली दिसली. "ही बघ," मी म्हटलं, "ही मूळची असणार." 'असणार' वाऱ्याने नेलं असावं.

आई गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकली. उजव्या हाताचा तळवा त्या फळीवर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला, डोळे मिटले, आणि मग तो हात कपाळाला लावला. देवळाचा उंबरा ओलांडताना ती लावते तसा.

मी फोटो काढायला फोन बाहेर काढला होता. काढवला नाही.

रात्री गेस्ट हाउसच्या खोलीत आई घोरायला लागल्यावर मी त्या पुलाबद्दल वाचत पडले, आणि पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की पायाखालच्या फळ्या ही तिथली सर्वांत कमी टिकणारी वस्तू. मीठ, पाऊस, सायकली, माणसं. झिजतात, बदलतात. मी आईला ज्या फळीपुढे वाकायला लावलं ती फार तर माझ्या मुलाच्या वयाची असेल.

बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्याला बारमथ टाळता येत नाही. आपण समुद्राकाठी जाणार आहोत असं ऑफिसात नुसतं म्हणा, दहातले चार जण विचारतील, "बारमथ?" कुणाच्या आजोबांचा तिथे कॅरॅव्हॅन, म्हणजे सुट्टीत राहायचं चाकांवरचं घर, होता, कुणी लहानपणी तिथल्या गाढवावरून पडलेलं असतं. इंग्लंडच्या मधोमध, समुद्रापासून सगळ्या बाजूंनी लांब असलेल्या कारखान्यांच्या मुलखाला रेल्वेने जो समुद्र आणून दिला तो हा. त्यामुळे वेल्सच्या त्या टोकाला उतरलं की आधी कानावर बर्मिंगहॅमचाच सानुनासिक हेल पडतो आणि आपण निघालो तरी होतो की नाही अशी शंका येते. वेल्श मंडळी गावाला आबरमाउ म्हणतात, बोलताना नुसतं 'बेर्मो'. 'आबर' म्हणजे नदीचं मुख. मौदाख नदी इथे समुद्राला मिळते. नदी कसली, खाडीच ती. आईने पाहिल्या पाहिल्या तसंच म्हटलं, आणि मला 'एस्चुअरी'साठी शब्द शोधत बसावं लागलं नाही.

गाडी श्रूसबरी सोडते, मखन्लेथला तिचे दोन तुकडे होतात, एक आबरिस्टविथकडे आणि दुसरा आपला. तिथून पुढे रूळ समुद्राला इतका चिकटून जातो की खिडकीतून फक्त पाणी दिसतं. आई तोवर डबा उघडून बसली होती. मेथीचे ठेपले, लिंबाचं गोड लोणचं. समोरच्या बाकावरच्या मुलाने नाक वर करून वास घेतला, तर तिने अर्धा ठेपला त्याच्या पुढ्यात धरला. त्याच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने घेतला आणि खाल्लाही. एवढ्यात गाडी हळू झाली, अगदी चालीवर आली, चाकांचा आवाज बदलला. खडखड जाऊन पोकळ, ढोलाच्या कातड्यासारखा घुमारा यायला लागला. आम्ही पुलावर होतो. उजवीकडे खाडी आत आत डोंगरांत शिरत गेलेली, तिच्या पोटात पिवळ्या वाळूच्या लाटा, मधून निळसर पाण्याची वळणं, आणि एका बाजूला कादर इद्रिस, ८९३ मीटरचा, डोक्यावर ढग घेऊन बसलेला. त्या डोंगरावर जो रात्रभर झोपेल तो सकाळी एकतर वेडा होऊन उठतो नाहीतर कवी, अशी दंतकथा आहे. आईला सांगितली. "मग त्यात दोन काय सांगितले?" ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

गाव मात्र तिला पसंत पडलं नाही. पहिल्या तासात तरी. स्टेशनबाहेर पडलं की तळलेल्या माशाचा आणि व्हिनेगरचा वास, नाणी टाकायच्या यंत्रांचा खणखणाट, प्लास्टिकच्या बादल्या-फावडी, पाठीवर पोरं घेऊन पुळणीवर रांगेत चालणारी गाढवं. "ही तर जुहू चौपाटी," आई म्हणाली. "पाणी तेवढं गार." तिचं काही चुकलं नव्हतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, फक्त मी एवढ्या वर्षांत ते बोलून दाखवायला शिकले नव्हते. विलायतेतला 'हेरिटेज' हा शब्द आपल्या डोक्यात किल्ले, राजवाडे, कापलेली हिरवळ अशा थाटात येतो. बारमथमध्ये तो चिप्सच्या तेलकट कागदात गुंडाळून मिळतो. धक्क्यावर उभी असलेली १८३४ ची गोल कोठडी बघा, तीसुद्धा तशीच. दारू पिऊन दंगा करणाऱ्यांना रात्रभर डांबायला गावाने बांधलेली. आत दोन भाग, एक पुरुषांचा, एक बायकांचा. बायकांचा वेगळा भाग पाहून आई पहिल्यांदा खूश झाली. "म्हणजे त्याही पीत होत्या."

तिथून ती खुलली. धक्क्याच्या कडेला पोरं दोऱ्याला डुकराच्या मांसाचा तुकडा बांधून खेकडे धरत होती, धरून बादलीत टाकत होती आणि तासाभराने बादली परत पाण्यात उपडी करत होती. हे आईला अजिबात कळेना. धरलेला खेकडा सोडायचा? "शिकवायला हवं ह्यांना," ती पुटपुटली, आणि मला तिच्या मनात उकळणारं कालवण स्पष्ट दिसलं. जवळच संगमरवराचं एक शिल्प आहे, तीन पिढ्यांचे तीन कोळी जाळं ओढताहेत असं. तो दगड इटलीच्या काराराचा. संगमरवराचे ठोकळे घेऊन निघालेलं जिनोव्हाचं एक जहाज १७०९ मध्ये ह्या किनाऱ्यापाशी बुडालं, आणि १९७८ मध्ये पाणबुड्यांना त्याचा माग लागला. मधली दोनशे सत्तर वर्षं तो दगड कालवांना आणि शेवाळाला घर देऊन होता. मूर्तिकाराने दगडावरच्या समुद्राच्या खुणा काही ठिकाणी तशाच सोडल्यासारख्या दिसतात. आईने त्यावरही हात फिरवला. आठवून पाहिलं तर ती त्या दोन दिवसांत सगळ्यालाच हात लावत होती.

तो पूल व्हायच्या आधी बारमथ बंदर होतं, हे तिथे नुसतं उभं राहून कळत नाही. लोकरीचं जाडंभरडं कापड इथून बाहेर जायचं, खाडीच्या काठी ओकच्या लाकडाची गलबतं बांधली जायची, घरटी एखादा पुरुष दर्यावर असायचा. १८९० मध्ये खलाशांसाठी काढलेली वाचनाची खोली अजून धक्क्याजवळ आहे. पण ती निघाली तोवर खलाशांचे दिवस भरत आले होते. रेल्वेने आणलं ते पूर्वी गलबतं आणायची, आणि रेल्वे वाऱ्याची वाट बघत बसायची नाही. ज्या पुलामुळे गावात पाहुणे आले त्याच पुलाने बंदराचा घास घेतला. आज त्याच पुलाचं चित्र गावातल्या प्रत्येक पोस्टकार्डावर, चहाच्या मगवर, टॉवेलवर असतं, आणि गावाला त्यात काही खटकत नाही. मला थोडं खटकलं, पण मग मीही एक मग घेतला.

पूल बांधायला १८६४ मध्ये घेतला. भरती-ओहोटीची ओढ, खाली सरकती वाळू. हा कसला उभा राहतो, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. एकजण तर म्हणाला, ह्यावरून पहिलं इंजिन पार गेलं तर मी ते खाईन. गेलं. मग रेल्वेवाल्यांनी टेबल मांडून त्याला विचारलं म्हणे, उकडून देऊ की भाजून? गोष्ट खरी असो नसो, गावाने ती जपून ठेवलीय, आणि मला वाटतं पुलाइतकीच काळजीने. काम घेणारा थॉमस सॅव्हिन हा कंत्राटदार मात्र पूल पुरा व्हायच्या आधी, १८६६ मध्येच, दिवाळखोर झाला. ह्या किनाऱ्यावर रेल्वे आणि तिच्याबरोबर मोठमोठी हॉटेलं असं त्याचं स्वप्न होतं. आबरिस्टविथच्या त्याच्या अर्धवट हॉटेलात पुढे वेल्सचं पहिलं युनिव्हर्सिटी कॉलेज भरलं. बुडालेल्या माणसाच्या मागे इतकं शिल्लक राहिलेलं क्वचित पाहायला मिळतं.

एकशे तेरा लाकडी गाळे, सुमारे पाचशे खांब. गावाकडच्या टोकाला, जिथे खोल पाणी आहे तिथे, लोखंडी भाग, जहाजांना वाट द्यायला तो बाजूला फिरायचा. बाकी सगळं लाकूड, आणि लाकूड म्हटलं की खाणारे आले. १९८० मध्ये लक्षात आलं की खांब आतून पोखरलेत. पोखरणारा जीव दिसायला किडा, पण मुळात शिंपल्याच्या कुळातला. डोक्याशी दोन इवले शिंपले, त्यांनीच तो लाकूड कातत जातो. कोकणातल्या नाखव्यांना त्याची ओळख सांगायला नको. बाहेरून खांब धडधाकट, आत चाळण. गाड्या बंद झाल्या, आणि हा पूल आता मोडीत काढावा इथवर बोलणी आली. गावाने कान धरून सरकारला ऐकवलं, दुरुस्त्या झाल्या, आधी हलके डबे आणि मग इंजिनं परत धावली. अलीकडे २०२० ते २०२३ असं पुन्हा मोठं काम झालं, तीन कोटी पौंडांचं. दर शरद ऋतूत काही आठवडे पूल बंद ठेवायचा, कुजलेल्या तुळया काढायच्या, तशाच मापाच्या तशाच जागी घालायच्या, लोखंडी भाग नवा करायचा. इतकं सगळं बदललं, आणि तरी सरकारी यादीत तो आहे तिथेच आहे: जतन करण्याची वास्तू, १८६७.

आईचा प्रश्न साधा होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि पुलाकडेही नव्हतं.

तो प्रश्न तिने कुठून आणला होता हे मला ठाऊक होतं. गिरगावातली तिच्या माहेरची चाळ चार वर्षांपूर्वी पाडली. आता तिथे बावीस मजले आहेत, खाली काचेचं दार, दारावर चाळीचंच नाव, मागे 'हाइट्स' जोडलेलं. मामा चौदाव्या मजल्यावर राहतो. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ आहे, लिफ्ट आहे, मामीचे गुडघे सुटले, सगळे सुखी आहेत. आईही वास्तुशांतीला जाऊन जेवून आली. येताना फक्त म्हणाली, "नाव तेवढं राहिलं." त्यात कडवटपणा होता की नाही हे मला फोनवरून ठरवता आलं नव्हतं. त्या घरात पाणी पहाटे चारला यायचं, तिने जन्मभर पहाटे चारला उठायची सवय त्यातून घेतली, तेव्हा चाळीबद्दल गळा काढणाऱ्यांतली ती नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दीनास ओलायवर गेलो. गावाच्या पाठीशीच उभी टेकडी. खालची जुनी वस्ती खडकावर एकावर एक रचलेली, एकाच्या छपराच्या उंचीवर दुसऱ्याचं अंगण, मधून दगडी पायऱ्यांच्या बोळकांड्या. आई दर दहा पायऱ्यांवर थांबायची आणि कुणाच्या तरी खिडकीतल्या कुंडीकडे बघते आहे असं दाखवायची. वर पोचलं की गवत, नेचे, पिवळी काटेरी फुलं, त्यांचा नारळासारखा वास. त्या वासाला आईसुद्धा फसली. "इथे नारळ?" दीनास म्हणजे गड, ओलाय म्हणजे उजेड. उजेडाचा गड. चढणीच्या मानाने तिथे पाहण्यासारखं काहीही नाही, आणि तेच ह्या जागेचं वैशिष्ट्य.

ब्रिटनमध्ये आज किल्ले, बागा, किनारे सांभाळणारा तो अवाढव्य नॅशनल ट्रस्ट १८९५ च्या जानेवारीत स्थापन झाला आणि त्याला मिळालेली पहिली जमीन ही, साडेचार एकर खडक आणि गवत. देणारी फॅनी टॅल्बट, बारमथमध्ये येऊन राहिलेली श्रीमंत विधवा. तिने आधी गावातली आपली काही घरंही इंग्रज लेखक-विचारवंत जॉन रस्किनच्या संस्थेला देऊन टाकली होती, गरजूंना कमी भाड्यात राहता यावं म्हणून. त्यातल्या एका घरात ऑग्यूस्त ग्यार नावाचा एक फ्रेंच म्हातारा राहायचा, फ्रान्स-प्रशियाच्या युद्धानंतर इथे येऊन टेकलेला, उतारावर बाग फुलवणारा. त्याची कबर ह्याच टेकडीवर आहे. टेकडी देताना बाईंनी अट काय घालावी? तिथे डांबराच्या वाटा नकोत आणि सापाच्या नक्षीची ओतीव लोखंडाची बाकं नकोत. गवतातली पायवाट चालेल, दगडाची बैठक चालेल. मला ही बाई त्या सापाच्या नक्षीसाठी आवडते. सार्वजनिक कल्याण वगैरे ठीक, पण नेमक्या कुठल्या तरी समुद्रकाठच्या बागेतल्या बाकावर बसून ती भयंकर वैतागली असणार. त्या काळी गावोगाव हेच चाललं होतं, समुद्र दिसला की बांध, बांधावर बाक, बाकापुढे तिकीट. खाली बारमथमध्येही तेच झालं. वर झालं नाही.

दगडावर टेकल्यावर आईने खाली दिसणाऱ्या पुलाकडे बराच वेळ पाहिलं. वरून तो काडेपेटीच्या काड्यांचा दिसतो. मी कालच्या फळीबद्दल तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ती म्हणाली, "काय छान बांधलाय गं," आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. राहिलंच.

आई जूनअखेर मुंबईला परत गेली. मी मात्र रात्री-अपरात्री त्या पुलाबद्दल वाचत राहिले. त्यातच एकदा पुलाच्या आराखड्याखाली दोन नावं दिसली. बेंजामिन पिअर्सी आणि हेन्री कॉनिबेअर. पिअर्सी त्या मुलखातला रेल्वेचा माणूस. पण कॉनिबेअर? हे नाव मी वाचलं होतं, आणि वेल्सच्या संदर्भात नव्हे, मुंबईच्या. उठून कपाट उपसलं. तोच तो. १८५० च्या आसपास मुंबईत इंजिनीअर असलेला, कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडा काढणारा, आणि १८५४ मध्ये पाण्यावाचून शहर तडफडल्यावर ज्याची योजना उचलली गेली तो. विहार तलाव. १८५६ ला काम सुरू झालं, १८६० पर्यंत पुरं झालं, आणि मिठी नदीचं अडवलेलं पाणी लोखंडी नळांतून बेटावर आलं. तोवर मुंबई विहिरींवर, तलावांवर आणि पखालींवर जगत होती. त्या माणसाने पुढे मायदेशी येऊन वेल्समध्ये रेल्वेची कामं घेतली, आणि त्यातला एक पूल हा.

माझे आजोबा मुंबई महानगरपालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. हातभर लांबीची लोखंडी चावी सायकलला बांधून पहाटे निघायचे, रस्त्यातली झाकणं उघडून व्हॉल्व्ह फिरवायचे. ह्या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं. गिरगावात त्यांना देवासारखं मानत आणि पाणी गेलं की देवासारख्याच शिव्या देत. आईच्या लहानपणाची एकुलती एक सहल म्हणजे वडिलांनी खात्याच्या ट्रकमधून विहारचं धरण दाखवायला नेलं ती. आणि ती बाई सत्तर वर्षांनी कादर इद्रिसखाली त्याच माणसाच्या पुलावर हात टेकून उभी होती! मला इतका आनंद झाला की रात्रीचे दोन वाजले होते म्हणूनच मी फोन लावला नाही. आनंदामागून लगेच ते कुसळ. हात टेकला होता, पण चुकीच्या फळीवर.

मग नोव्हेंबरमध्ये एकटीच गेले. काही कारण नव्हतं, घरी सांगायला मी एक शोधलं. गाढवं नव्हती, चिप्सच्या निम्म्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या, पुळणीवरची वाळू रस्त्यावर आलेली आणि पालिकेचा एक माणूस ती परत ढकलत होता. पुलावर मी ती फळी शोधली. सापडली नाही. काळ्या, चिरलेल्या, शेवाळलेल्या फळ्या आता शंभर होत्या, पावसाने सगळ्यांना एकाच वयाचं करून टाकलं होतं. समोरून कुत्र्याला घेऊन एक गृहस्थ येत होते, गावकरी वाटले. त्यांना विचारलं, ह्यात मूळचं लाकूड कुठे आहे? ते हसून म्हणाले, आपण डडलीचे, चाळीस वर्षं इथे कॅरॅव्हॅन आहे, पण हे काही बुवा ठाऊक नाही. डडली माझ्या घरापासून पंधरा मैल. नंतर चहाच्या दुकानात मालकीणबाई मुलीशी वेल्शमध्ये बोलत होत्या, माझ्याकडे वळून सहज इंग्रजीत आल्या. त्यांना विचारलं. त्यांनी कप पुसता पुसता सांगितलं की लहानपणापासून पुलावर कुठे ना कुठे पिवळी जाकिटं घातलेली माणसं पाहिली आहेत, पूल म्हणजे तेच. त्यांच्या आवाजात ना कौतुक ना तक्रार. मी डिओल्ख, म्हणजे वेल्शमध्ये धन्यवाद, म्हटलं, त्यांनी उच्चार सुधारून दिला.

दुपारी पलीकडच्या टोकाला गेले, फेअरबोर्नला. मैदा विकून श्रीमंत झालेल्या आर्थर मॅकडूगल ह्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या पाणथळ जमिनीवर बांध घालून सुट्टीसाठी वसवलेलं हे गाव. विटा-लाकूड वाहायला टाकलेल्या ट्रामच्या मार्गावर आज इवलीशी आगगाडी आहे. उन्हाळ्यात पोरं तिच्यात बसतात, त्या दिवशी रुळांवर सीगल बसले होते. गाव समुद्राच्या पातळीच्या इतकं जवळ आहे की बांधावरून भरतीचं पाणी आणि लोकांच्या बागा एका नजरेत दिसतात, आणि पाणी वर असल्यासारखं वाटतं. वाढत्या समुद्रापुढे हा बांध कायमचा राखणं परवडणार नाही, असं सरकारी आराखड्यात आलं, आणि गाव रिकामं करण्यासाठी २०५४ ह्या वर्षाचं नाव घेतलं गेलं. घरांच्या किमती कोसळल्या. लोक चिडले, अजून चिडलेले आहेत. एका घराच्या फाटकाला ताजा निळा रंग दिलेला होता, ओला, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. खाडीच्या एका काठावर दीडशे वर्षांचा पूल तुळई-तुळई बदलून उभा ठेवतात आणि दुसऱ्या काठावर माणसं राहतात त्या गावाला तारीख देतात. हिशेब मला समजतो. रेल्वे अनेकांची, गाव काही शेकड्यांचं. तरी त्या निळ्या फाटकापुढून मला लवकर निघावंसं वाटलं.

परतीची गाडी यायला वेळ होता. फेअरबोर्नच्या उघड्या फलाटावर बसून मी आईला फोन लावला. तिकडे रात्र, तिची जेवणं उरकली होती. आधी मी कॉनिबेअरची गोष्ट सांगितली, चांगली रंगवून, अफगाण चर्चपासून सुरुवात करून. ती मधे एकदाही बोलली नाही. मी शेवटाला आले, "म्हणजे बघ आई, तुमच्या चाळीत विहारचं पाणी आणणारा आणि—"

"विहारचं कुठलं," ती म्हणाली. "आमच्याकडे तानसाचं यायचं."

"बरं, तानसाचं."

"बरं काय? बाबा नेहमी सांगायचे. मलबार हिलच्या टाकीतून. विहारचं वेगळं."

मग मी फळीचं सांगितलं. एका दमात. की मला माहीत नव्हतं, मी आपली बोट दाखवून मोकळी झाले, आणि तू तिला नमस्कार केलास.

पलीकडे शांतता. मागे तिच्या टीव्हीवर कुणीतरी रडत होतं. मग ती हसायला लागली, खोकला येईस्तोवर.

"नमस्कार कसला गं? चक्कर आली होती मला. त्या फटींतून खाली पाणी पळत होतं ना, तर मीच पळतेय असं वाटायला लागलं. म्हणून हात टेकला. तुला सांगितलं असतं तर तू तिथेच अँब्युलन्स बोलावली असतीस." जरा थांबून ती म्हणाली, "आणि फळी नवीच होती. बोल्ट चकचकीत होते सगळे. चावीवाल्याची मुलगी आहे मी."

पुलावरून गाडी येताना फार आधीपासून ऐकू येते, तो ढोलासारखा घुमारा पाण्यावरून चालत येतो. मी फोन त्या दिशेला धरला.

"काय आवाज येतोय?" आईने विचारलं. "ओहोटी आहे का तिकडे आत्ता?"